रिकाम्या पाटावरचा चौकोन

नव्या पेठेतल्या आपल्या दुकानात ताबीशनं काचेवर मऊ फडकं अंथरलं आणि त्यावर दोन कॅमेरे शेजारी शेजारी ठेवले. एक काळा, अंगानं भरलेला, गप्प बसून राहणारा. दुसरा चंदेरी, चणीनं लहान, मागचा पडदा बाजूला वळवला की जणू आल्यागेल्याशी बोलायला उत्सुक.

"ताई, दोन्ही मिररलेस. आत आरसाच नाही," ताबीश म्हणाला. "जुन्या कॅमेऱ्यात आरसा वर उडायचा, खटाक आवाज व्हायचा. ह्यांना आवाज नाही. समोर जे आहे ते सीधं पडद्यावर. कीर्तनात बुवांचं ध्यान बिलकुल मोडणार नाही."

देवयानीनं आधी काळा उचलला. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे कुठलीही वस्तू घेताना दोन रकाने तिच्या डोक्यात आपोआप आखले जात. काळा हाताला जड, पण पकड भक्कम. बॅटरी दोन-अडीच तास सहज चालेल. सेटिंगं मात्र इतकी की गणिताच्या बाईलाही घाम फुटावा. चंदेरी हलका, पर्समध्ये मावणारा. आणि चेहरा ओळखण्यात भलता चलाख. तिनं तो ताबीशसमोर धरला मात्र, पडद्यावर एक पिवळा चौकोन उमटून त्याच्या तोंडावर जाऊन बसला. ताबीश डावीकडं झुकला तर चौकोनही झुकला.

"हा पोरगा हुशार आहे," ती हसून म्हणाली.

"हुशार आहे, पण चंचल. तो काळा बघा, चौकोन जरा सावकाश टाकतो. पण एकदा टाकला की सोडत नाही."

देवयानीला न सोडणाराच हवा होता, आणि त्याला कारण होतं. तिचे वडील एकनाथबुवा शुक्रवार पेठेतल्या छोट्या राममंदिरात चाळीस वर्षं चैत्रातल्या नवरात्राची कीर्तनं करत आले होते. यंदा त्यांच्या घशात गाठ निघाली. रामनवमीनंतरच्या सोमवारी ऑपरेशन ठरलं होतं, आणि स्वरयंत्र काढावं लागणार होतं. डॉक्टर मोठे सज्जन, त्यांनी देवयानीला बाहेर बोलावून हळू आवाजात सांगितलं होतं, "जे ऐकून ठेवायचंय ते आधी ऐकून घ्या."

मोबाईलवर घेतलेली पाच-सहा कीर्तनं होती, पण त्यांत बुवा म्हणजे लांबवर हलणारा फेट्याचा एक ठिपका. आणि आईचं तर काहीच नव्हतं. पद्मजाबाई जाऊन वर्ष झालं, तरी घरात त्यांच्या आवाजाचा एक शब्द शिल्लक नव्हता. कुणी मोबाईल धरला की त्या हातानं बाजूला सारायच्या. म्हणायच्या, "माझं काय घेताय? तिकडं बुवांना घ्या की!" बायकांच्या बाजूला, खांबाशी त्यांची जागा ठरलेली. पुढं कुणी उंच बाई येऊन बसली तर तिच्या खांद्यावर बोट टेकवून म्हणायच्या, "जरा सरका हो बाई, बुवा दिसत नाहीत." अख्ख्या मंदिराला ते वाक्य पाठ होतं.

"असं करा, दोन्ही घेऊन जा," ताबीश म्हणाला. "हे दाखवायचे पीस आहेत, शुक्रवारी कंपनीचा माणूस नेईल. तोवर मंदिरात लावून बघा. अब्बा असते तर त्यांनी दुकानात बसून निवडूच दिला नसता. दर रामनवमीला फोटो काढायला जायचे आणि सुंठवडा घेतल्याशिवाय यायचे नाहीत." दुकान उभं करणाऱ्या मकदूमभाईंची आठवण निघाली की ताबीशचा आवाज मऊ व्हायचा. "आणि एक ध्यानात ठेवा ताई. कॅमेऱ्यामागं उभं राहून बोलू नका. माईकला बुवा लांब आणि तुम्ही जवळ. तुम्ही नुसता श्वास घेतलात तरी पहिला तुमचाच येणार."

*

त्या संध्याकाळी ऊन कलल्यावर तिनं दोन्ही कॅमेरे सभामंडपात तीन पायांच्या तिकाटण्यांवर चढवले. काळा उजवीकडं, चंदेरी डावीकडं, आणि मधे स्वतः उभी. पेटीवर बसलेला पंचाक्षरी हे सगळं मान वाकडी करून बघत होता. तो अक्कलकोटकडचा, बुवांचा वीस वर्षांचा साथीदार.

"अक्का, दोन दोन कशाला ओ? बुवा तर येकच हायेत की!"

"एक पसंत करायचाय, पंचाक्षरी. दोघांची परीक्षा चाललीय."

"मग आमची पन घ्या की. पेटी बी जुनी झालीया, वाजवनारा बी."

बुवा आले. अंगरखा, फेटा, गळ्यात उपरणं. आधी रामाला नमस्कार केला आणि मग रोजच्यासारखा मांडलेल्या पाटाकडं बघितलं. खांबाच्या अलीकडं, श्रोत्यांच्या पुढच्या रांगेत तो पाट असायचा. त्यावर कुणी बसायचं नाही. रामकथा चालते तिथं मारुतीराय ऐकायला येतात, म्हणून त्यांच्यासाठी आसन ठेवायचं, ही त्या मंदिराची रीत. पाटावर एक झेंडूचं फूल आणि चिमूटभर बुक्का. मागं पांढरी भिंत, तिच्यावर ना चित्र ना कॅलेंडर.

पूर्वरंग छान झाला. आवाज चिरका झाला होता, पण त्यातला गोडवा गेला नव्हता. उसाच्या कांड्यात शेवटपर्यंत रस असतो तसा होता. दोन्ही पडद्यांवर दोन पिवळे चौकोन बुवांच्या चेहऱ्यावर बसून होते. देवयानी निवांत झाली. पुढं उत्तररंगात केवटाची कथा आली. नाव काठाला लागली, केवट पाय धुवायला बसला आणि बुवा एकदम थांबले.

शब्द निसटला होता. हल्ली निसटायचा. आई असताना असं झालं तर ती बसल्या जागेवरून पुढचा शब्द हलकेच सुचवायची. बुवांचं प्रत्येक आख्यान तिला तोंडपाठ. लोकांना वाटायचं, बाई नामस्मरण करतायत.

बुवांनी पाटाकडं बघितलं.

आणि चंदेरी कॅमेऱ्यातला चौकोन बुवांना सोडून गेला.

देवयानीनं वाकून पडदा बघितला. चौकोन पाटाच्या वर होता. पाटावर नव्हे, वर. मांडी घालून बसलेल्या माणसाचं तोंड जिथं येईल तेवढ्या उंचीवर, रिकाम्या हवेत. तिथं तो स्थिर राहिला. मग किंचित खाली आला, किंचित वर गेला. पुन्हा खाली, पुन्हा वर. कथा ऐकताना कुणी मान डोलवावी तसा.

"अगं बाई," तिच्या तोंडून निघून गेलं.

तेवढ्यात बुवांना शब्द सापडला. "देवा, तुमची नि माझी जात एकच!" असं केवटाचं बोलणं त्यांनी खणखणीत उचललं, लोक हसले, आणि चौकोन काही झालंच नाही असा बुवांच्या चेहऱ्यावर परत येऊन बसला. काळ्या कॅमेऱ्यातला चौकोन या सगळ्यात जागचा हलला नव्हता.

एप्रिलचा उकाडा होता. तरी देवयानीच्या दंडावर काटा उभा होता.

*

गणित शिकवणाऱ्या बाईला एका उदाहरणावरून सूत्र मांडता येत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं कॅमेऱ्यांच्या जागा बदलल्या. चंदेरी उजवीकडं, काळा डावीकडं. खांबाजवळची समई लांब सरकवली, न जाणो ज्योतीच्या हलण्यानं फसत असेल. पाटावरचं फूल काढायला हात पुढं केला, पण तेवढं धाडस झालं नाही. सकाळी घरी ती रिकाम्या खुर्च्या, उशा, कोपऱ्यातली शिलाई मशीन, असं काय काय चंदेरी कॅमेऱ्याला दाखवून बसली होती. त्याला कुठंच चेहरा दिसला नव्हता.

त्या संध्याकाळी बुवा एकदाही अडले नाहीत. चौकोनही हलला नाही. तिला बरं वाटलं. आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटलं.

मग अगदी शेवटी, आरतीच्या आधी बुवांनी रोजच्यासारखी चूकभूल पदरात घेण्याची विनवणी केली. हात जोडले आणि जोडलेल्या हातांनी पाटाकडं वळले. चंदेरीतला चौकोन गेला. पाटाच्या वर, त्याच उंचीवर, आरती होईपर्यंत बसून राहिला. कापूर विझला तेव्हा कुठं मावळला.

"काय झालं ओ अक्का?" पेटी बंद करता करता पंचाक्षरीनं विचारलं. "तोंड असं का पांढरं?"

तिनं त्याला पडद्यावर चित्रण लावून दाखवलं. चौकोन चित्रात उतरत नाही, तो फक्त घेताना दिसतो. पण चित्रण सगळं सांगत होतं. बुवा हात जोडून वळतात, त्यांचा चेहरा धुक्यात गेल्यासारखा पुसट होतो, आणि इकडं पाटावरचं झेंडूचं फूल पाकळी पाकळी मोजावी इतकं लख्ख होतं. बुवा नुसती पांढरी सावली. आरतीच्या गजरात जवळून येणारी देवयानीच्या बांगड्यांची किणकिण तेवढी मोठी, ताबीशनं बजावल्याप्रमाणं.

पंचाक्षरीनं बघितलं. पुन्हा बघितलं. मग कानाची पाळी धरली आणि हळूच म्हणाला, "अय्यो! मारुतीराय आल्ते की वो."

देवयानीनं पडदा मिटला. तिला चौकोनाचं ते मान डोलावणं आठवत होतं. आईची मान डोलवायची तऱ्हा तिला ठाऊक होती.

*

बाबांना दाखवावं की नको, या विचारात रात्र गेली. सकाळी चहा झाल्यावर तिनं चंदेरी कॅमेरा त्यांच्यासमोर धरला. बुवांनी चष्मा लावला. केवटाचा प्रसंग बघितला, आरती बघितली. स्वतःचा चेहरा पुसट होताना बघून त्यांच्या कपाळावर आठीही आली नाही. चौकोन कुठं जाऊन बसत होता आणि कसा डोलत होता, तेही देवयानीनं सांगितलं.

बुवांनी चष्मा काढला. उपरण्यानं पुसत राहिले, स्वच्छ होता तरी.

"देवी, माझ्याकडून एक चूक होत आलीय," ते म्हणाले. "वर्ष झालं. पाट मी मारुतीच्या नावानं मांडतो. पण बघतो ते तिच्याकडं. तिची खांबाशी जागा होती ना, तिथं आता दुसऱ्या बायका बसतात. त्यांना कसं उठवायचं? म्हणून पाट रोज थोडा थोडा तिच्या बाजूला सरकवत नेला. कुणाच्या लक्षात आलं नाही. देवाचं आसन मी बायकोला दिलं गं."

देवयानीला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. "बाबा, मारुतीराय रागावणार नाहीत."

"रागावले नाहीत, तेच तर. सरकून बसले असतील." मग कॅमेऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "हाच घे."

"पण बाबा, यात तुम्ही पुसट होताय. सोमवारनंतर..."

"सोमवारनंतर माझा आवाज नसेल, ठाऊक आहे मला. मी बारा गावं फिरलोय, माझं ऐकलेली माणसं आहेत. तिचं कुणाकडं काय आहे? एक शब्द नाही. ती दिसत नाही, निदान ती आहे हे तरी ह्याला कळतंय. हाच घे, देवी."

आणि देवयानीच्या मनातही खोल कुठंतरी तेच होतं. चंदेरी कॅमेरा घरात आला की रोज एक पाट मांडता येईल. रोज एकदा तो पिवळा चौकोन उमटलेला बघता येईल. शाळेतून आल्यावर, दार लावून. या विचाराची तिला भीती वाटली, आणि तरीही तो सोडवेना.

*

शुक्रवारी सकाळी ती दोन्ही कॅमेरे घेऊन दुकानात गेली. "चंदेरी. आणि सीलबंद नको. हाच पीस हवा."

ताबीशनं दोन्हींमधलं चित्रण दुकानातल्या मोठ्या पडद्यावर लावलं, डावीकडं एक, उजवीकडं एक. केवटाच्या प्रसंगाला पोचताच त्याचं बोट थांबलं.

"ताई, ह्या पीसमध्ये फॉल्ट आहे. मी तुम्हाला देणार नाही. उद्या तुम्ही म्हणाल, मकदूमभाईच्या पोरानं फसवलं."

"फॉल्ट असू दे. मला तोच हवा."

ताबीशनं तिच्याकडं बघितलं. तिनं सगळं सांगितलं. पाट, बाबा, मान डोलावणं, सगळं. तो हसला नाही. बराच वेळ काच पुसत राहिला आणि म्हणाला, "अब्बा गेले तेव्हा मी सहा महिने त्यांचा जुना कॅमेरा उघडून डोळ्याला लावत होतो. फिल्म पण नव्हती आत. तुम्ही नेणार असाल तर न्या ताई, हाच न्या. मी अडवणार नाही. पण एकदा दोन्ही नीट बघा. घाई नको."

त्यानं पुन्हा चित्रण सुरू केलं. उजवीकडं काळ्या कॅमेऱ्यातले बुवा. शब्द हरवतो, ओठ थरथरतात, कपाळावर घाम, आणि डोळे पाटाकडं वळताना लहान मुलानं आई शोधावी तसे होतात. एक एक सुरकुती वाचता येत होती. डावीकडं चंदेरीतलं झेंडूचं फूल, आणि त्याच्यामागं वडिलांच्या जागी पांढरा, हलणारा धूर.

देवयानी डावीकडं बघत होती. नजर तिथून निघत नव्हती. फुलाच्या वरची रिकामी हवा ती डोळे फाडून बघत होती, काहीतरी दिसावं म्हणून.

आणि तेव्हा तिच्या उजव्या खांद्यावर बोट टेकलं.

अगदी हलकेच. एकच बोट. तिनं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. दार उघडं, बाहेर रिक्षा, उसाच्या रसाची गाडी. पण पुढचं वाक्य तिला ऐकायची गरजच नव्हती. ते सगळ्या मंदिराला पाठ होतं.

जरा सरका हो बाई, बुवा दिसत नाहीत.

देवयानी खुर्चीवर बसली. ताबीशनं पाण्याचा ग्लास पुढं केला. तिनं तो सबंध संपवला. आई आली असेल तर ती बुवांना ऐकायला, बुवांना बघायलाच येत असणार. ती कधी स्वतःला बघू द्यायला आली होती? आणि आपण तिच्या बुवांनाच पुसून टाकायला निघालो होतो.

"काळा दे, ताबीश," ती म्हणाली. "जो सोडत नाही तो."

घरी तिनं डबा उघडला. काळा कॅमेरा बघून बुवांचा चेहरा पडला. तिनं खांद्यावरच्या बोटाचं सांगितलं नाही, एवढंच म्हणाली, "आईला तुम्ही दिसायला हवे होतात ना, बाबा?" बुवा खिडकीकडं बघत राहिले. जेवून हात धुताना म्हणाले, "रविवारी दोन पाट मांड. एक मारुतीरायांचा, त्यांच्या जुन्या जागेवर. एक खांबाशी. तिथल्या बायकांना मी स्वतः सांगतो."

*

रामनवमीच्या कीर्तनाचं एक अवघड असतं. बाकी दिवशी कथा थोडी लांबली काय, आटोपली काय, कुणी विचारत नाही. त्या दिवशी मात्र बरोबर माध्यान्हीला रामाचा जन्म व्हावा लागतो. कीर्तनकारानं कथा अशी हाकत न्यायची की बाराचा ठोका आणि जन्माचा शब्द एकदमच पडावा.

मंडप खच्चून भरला होता. पाळणा फुलांनी सजलेला, प्रत्येकाच्या मुठीत गुलाल आणि फुलं. दोन पाट मांडलेले. खांबाशी बसणाऱ्या बायका दोन हात सरकून बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "आमच्या कधीच लक्षात आलं नाही हो बुवा, नाहीतर तेव्हाच उठलो असतो." ताबीशही आला होता, दाराशी चपलांच्या बाजूला अब्बांच्या जागी उभा.

देवयानी काळ्या कॅमेऱ्यामागं. चौकोन बुवांच्या चेहऱ्यावर, घट्ट.

बुवा रंगले. आवाज फाटत होता, पण ते तो फाटू देत होते, जणू उद्यासाठी राखून ठेवायचं काही उरलंच नव्हतं. अयोध्या सजली, कौसल्येच्या महालात सुईणी आल्या, आकाशात देवांची दाटी झाली. भिंतीवरचे काटे एकमेकांजवळ सरकत होते. आता एकच ओळ राहिली होती. ती कुठल्या पोथीतली नव्हती. पद्मजाबाईंनी रचलेली होती, लग्नानंतरच्या पहिल्या रामनवमीला, चुलीपुढं बसून. बुवा दरवर्षी तीच म्हणत, मग पद्मजाबाई बायकांच्या बाजूनं पाळणा उचलत, आणि गुलाल उधळला जाई.

"...आणि त्या वेळी," बुवा म्हणाले, "त्या वेळी..."

ओळ गेली.

पंचाक्षरीनं सूर धरून ठेवला. बुवांचे ओठ हलले, शब्द आला नाही. त्यांनी मारुतीच्या पाटाकडं बघितलं. मग खांबाकडच्या पाटाकडं. मंडपात इतकी शांतता की मुठीतल्या फुलांचा चुरगळण्याचा आवाज यावा. मोठा काटा बाराला टेकत होता. ओळ देवयानीला येत होती. लहानपणापासून येत होती. ताबीशची ताकीद विसरून, कॅमेऱ्यामागून, कापऱ्या आवाजात तिनं ती म्हटली:

थांबलं शरयूचं पाणी, माध्यान्ह उभा दारी...

बुवांचा चेहरा उजळला. "थांबलं शरयूचं पाणी!" त्यांनी ओळ उचलली ती थेट शिखरापर्यंत नेली, ठोका पडला, आणि गुलालानं सगळा मंडप लाल झाला. बायकांनी पाळणा उचलला. ताबीशच्या पांढऱ्या सदऱ्यावर कुणीतरी मूठभर गुलाल टाकला, तोही हसत उभा राहिला. पंचाक्षरी रडत होता आणि पेटी वाजवत होता.

*

दुपारी बुवा आरामखुर्चीत पडले होते. पुढं वाटीत सुंठवडा. घशाला आराम म्हणून बोलायचं नाही असं देवयानीनं बजावलं होतं. तिनं कॅमेरा टीव्हीला जोडला.

चित्रण देखणं आलं होतं. एकदाही पुसट नाही. तो क्षण आला तशी ती पुढं सरकली. आता आपलाच आवाज बटबटीत येणार, बुवांच्या शेवटच्या रामजन्मात आपली कापरी ओळ कानाशी ओरडल्यासारखी ऐकू येणार, म्हणून मनातून खजील.

"त्या वेळी..." बुवा म्हणाले. पेटीचा सूर. शांतता. मग तिच्या बांगड्या वाजल्या, अगदी जवळ. तिनं श्वास घेतला, तोही जवळ, स्पष्ट. आणि मग ओळ आली.

लांबून आली. मंडपाच्या पलीकडून, खांबाच्या बाजूनं. कापरी नव्हती. सावकाश, थोडी नाकातली, शेवटच्या शब्दाला जरा लांबवलेली. पोर झोपेला आलेलं असताना आवाज खाली ठेवून म्हणावी तशी.

देवयानीनं मागं नेऊन पुन्हा लावलं. बांगड्या जवळ. श्वास जवळ. ओळ लांब.

"बाबा," ती त्यांच्याकडं वळली. "ओळ मी सांगितली ना तुम्हाला? माझा आवाज आला ना?"

बुवांनी न बोलण्याची आज्ञा मोडली. "तुझा?" ते आश्चर्यानं म्हणाले. "तू कुठं काय बोललीस?"

तिनं तिसऱ्यांदा लावलं. या वेळी तिनं ऐकलं नाही, फक्त बघितलं. काळ्या कॅमेऱ्यानं बुवांना सोडलं नव्हतं. ओळ आली त्या क्षणी बुवांचे डोळे डावीकडं वळलेले, खांबाकडं. पापण्यांवरचं पाणी दिसत होतं, आणि त्या म्हाताऱ्या, घामेजलेल्या चेहऱ्यावर एक हसू उगवत होतं. घरातल्या माणसाला घरातलंच माणूस बघून येतं, तसं. चंदेरी असता तर नेमका हाच चेहरा पुसून गेला असता.

"परत लाव," बुवा म्हणाले, आणि वाटीतला चिमूटभर सुंठवडा उचलून त्यांनी आधी शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढं धरला.